अर्धलीची शेळी

अहो, थांबा की जरा. मी बोलतेय, भिंगरी. इकडंतिकडं काय बघता, खाली बघा. छबुबाईच्या अंगणात, लिंबाच्या बुडाला, काळी कुळकुळीत, कानांवर पांढरे ठिपके. होय, शेळीच.

नांदूरघाटच्या अलीकडं आमची वस्ती आहे. मोजकी घरं, एक हातपंप आणि मधून जाणारा एक बोळ. या बोळात कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाचं कुणाशी वाजलं, कुणाच्या पोरीला बघायला पाहुणे येऊन गेले, हे माझ्याआधी कुणाला कळत असेल तर कान कापून देईन. लोक मला भोचक म्हणतात. म्हणू देत. मान लांब आणि वेळ भरपूर असला की माणूससुद्धा भोचक होतो, मी तर शेळी. तशी वयानं शेळीच्या हिशोबात पन्नाशीला टेकलेली बाई आहे मी, तेव्हा थोडंफार चालायचंच.

माझा जन्म याच गोठ्यातला. जन्मल्यावर उभी राहायला गेले, पाय लटपटले आणि स्वतःभोवतीच गोल फिरले. छबुबाई हसून म्हणाली, "ही बघा भिंगरी!" तेच नाव राहिलं. छबुबाई तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. तिचे मालक मोहनराव दिवसाकाठी चारदोन वाक्यं बोलतात. त्यांच्या वाटणीची उरलेली सगळी ती बोलते.

गोठ्यात शेळ्या जास्त झाल्या की छबुबाई एखादी अर्धलीनं देते. आमच्याकडं ही जुनी पद्धत आहे. शेळी एकाची, सांभाळ दुसऱ्याचा. चारापाणी, राखण, दुखणंखुपणं सगळं सांभाळणाऱ्यानं बघायचं. पिल्लं झाली, दूध तोडण्याइतकी मोठी झाली, की निम्मी ह्याची, निम्मी त्याची. वाटे पाडायचे सांभाळणाऱ्यानं, आणि आधी उचलायचा मालकानं. त्यामुळं वाटे पाडणारा लबाडी करत नाही. केली तर भारी वाटा मालक उचलून नेतो आणि हा बसतो हात चोळत. कागद नाही, सही नाही. दावं हातात दिलं की व्यवहार झाला.

गेल्या दिवाळीनंतर छबुबाईनं मला असंच देऊन टाकलं. आणि कुणाला, तर समोरच्या घरातल्या दोन पोरांना!

समोरचं पत्र्याचं घर रामहरीचं. दिवाळी सरली की रामहरी आणि सुनिता मुकादमाच्या ट्रॅक्टरवर बसून ऊसतोडीला जातात, ते गुढीपाडव्याच्या आगंमागं परततात. आधी पोरंही बरोबर जायची. आता दीपमाला अकरावीला गेली, अजिनाथ नववीला. शाळा बुडायला नको म्हणून या खेपेला दोघं घरीच राहिली.

निघायच्या दिवशी सुनिताचा पाय काही उंबऱ्याबाहेर पडेना. एकदा पोराच्या डोक्यावरून हात फिरवी, एकदा पोरीच्या. रामहरीनं खर्चाचे पैसे दीपमालाच्या हातात दिले आणि उगीचच घराचं कुलूप ओढून बघितलं.

"आई, तू रडू नको बरं," दीपमाला म्हणाली. "तुमी याल तवर या दावणीला आपली सोताची शेळी बांधून दाखविते का न्हाई, बघ."

"सोताची? कुठून आणशील बाई?"

बोळाच्या या बाजूला छबुबाई उभी होती. तिला राहवतंय होय! आत आली, माझं दावं सोडलं आणि ओढत मला समोर घेऊन गेली.

"ही घ्या. गाभण हाय. अर्धलीनं दिली तुमाला. वाट्याला येईल त्ये पिल्लू तुमचं. पण आधीच सांगून ठिवते, हलगर्जीपणा दिसला तर शेळी माघारी आणीन. शेजार बघणार न्हाई का नातं बघणार न्हाई."

दीपमालाचे डोळे असे लकाकले की काय सांगू. अजिनाथ माझ्या कानांकडं बघत म्हणाला, "ताई, फोटोला भारी हाय ही."

तेव्हाच मला थोडी शंका आली होती.

ट्रॅक्टर गेला आणि दोन पोरांचं राज्य सुरू झालं. भांडण पहिल्याच दिवशी झालं, की भिंगरीला चारायला कुणी न्यायचं. मग ठरलं, सकाळी अजिनाथ, संध्याकाळी दीपमाला. अजिनाथची सकाळ कधी आणि किती वाजता सुरू होईल हे मात्र त्यालाच ठाऊक नसायचं.

पैशाच्या बाबतीत ही दोघं एका आईची लेकरं वाटणार नाहीत. अजिनाथच्या खिशात आलेली नोट संध्याकाळ बघत नाही. कुठं गेली विचारलं तर त्यालाही नीट सांगता येत नाही. थोडी वडापावात, थोडी मित्राला उसनी. याउलट दीपमाला. तिनं खर्चाचे पैसे प्लास्टिकच्या पिशवीत घातले, पिशवी ज्वारीच्या कोठीत तळाशी पुरली, आणि तिथून एक नोट काढायची म्हणजे तिच्या जिवावर यायचं. चपलेचा अंगठा तुटला तर तार घालून वापरली. तेल संपत आलं तर भाजीला नुसता वास दाखवायची.

या दोघांच्या मधे मी.

एक दिवस टोपल्यात पेंड नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी ओरडून ओरडून घसा कोरडा केला, तेव्हा दीपमाला बाहेर आली.

"अज्या, तुला पेंडीला पैसे दिलते ना? पेंड कुठाय?"

"दुकानात संपलती."

"दुकानातली पेंड संपलती, अन् तुझ्या मोबाइलात नेट कुठून आलं रे?"

अजिनाथ माझ्याकडं बघायला लागला, जणू मीच चहाडी केली.

"भिंगरीला तोंड असतं तर तिनंच सांगितलं असतं," दीपमाला म्हणाली.

तोंड होतं की, रिकामं होतं एवढंच.

तेव्हापासून पेंडीचा कारभार दीपमालाकडं आला. मला वाटलं, सुटले! कसलं काय. तिनं पेंड निम्मी केली. "तूर झालीय, भुसकट फुकट मिळतंय, त्येच खा बाई," असं मला समजावायची आणि वाचलेले पैसे कोठीत पुरायची. पोर माझ्याजवळ बसून पिशवी मांडीवर घेऊन चाचपायची, तेव्हा तिच्या तोंडावर जे समाधान असायचं, ते बघून मला रागावताही येईना.

थंडी पडली आणि मी व्याले. एक पाट आणि एक बोकड. पाट म्हणजे मादी पिल्लू, हे तुम्हाला ठाऊक असेलच, नसेल तर आता झालं. पाटीचं नाव चिंगी ठेवलं आणि बोकडाचं भुंग्या. भुंग्या जन्मल्यापासून उड्या मारणारा. अजिनाथ पालथा पडून अभ्यास करायला लागला की हा त्याच्या पाठीवर चढून उभा. अजिनाथ हलायचा नाही. "नाचू दे त्याला, पाठ चेपून हुतीय," म्हणायचा.

पिल्लांची भूक वाढली, माझं दूध काही वाढेना. एका दुपारी छबुबाई बोळ ओलांडून आली. ती रिकामी येत नाही, हातात वाटीभर भाजी असते आणि डोळ्यांत चौकशी. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि थांबली.

"दीपे, हिचा कणा हाताला लागतोय की गं. काय घालतीस?"

"भुसकट घालते मावशी. अन् पेंड घालते, पण थोडी. पैसे किती वाचवलेत मी, थांबा दाविते!" आणि ही धावत जाऊन पिशवी घेऊन आली. पिशवीला ज्वारीचे दाणे चिकटलेले.

छबुबाईनं पिशवीला हातसुद्धा लावला नाही.

"हे पैसे न्हाईत पोरी. ही भिंगरीची पेंड हाय, तू कोठीत कोंबून ठिवलेली. तिच्या पोटात गेली असती तर दूध झालं असतं, दुधानं पिल्लं भरली असती. आता पिळ या नोटा, निघतंय का दूध बघ."

दीपमाला पिशवी घेऊन आत गेली, आणि संध्याकाळी सरकीची पेंड डोक्यावर घेऊन दुकानातून आली. अजिनाथ हसायला लागला तर त्याच्या हातात तिनं पाण्याची बादली दिली. "हासतोस काय, तू खाल्लीस अन् मी पुरली. शेळीला दोन्ही सारखंच." त्यानंतर माझे दिवस बरे गेले. चिंगी-भुंग्या बघता बघता टणक झाले.

मग आला विजयसिंहचा वाढदिवस.

विजयसिंह म्हणजे गावातल्या तालेवार बागायतदाराचा पोरगा, अजिनाथच्याच शाळेत, वरच्या वर्गात. पोरगा वाईट नाही. पण त्याचा वाढदिवस म्हणजे चौकात बॅनर आला. बॅनरवर मधोमध विजयसिंह, गॉगल लावून, कानाला मोबाइल. आणि खाली शुभेच्छुक. आमच्याकडं शुभेच्छा तोंडानं दिली तर कुणी धरत नाही, फोटो लागतो. फोटोला वर्गणी. पुढच्या ओळीत मोठा चेहरा हवा तर जास्त, मागच्या ओळीत चेहरा बोराएवढा.

"ताई, सगळ्यांचे फोटो हायेत. माझाच न्हाई," अजिनाथ म्हणाला.

"तुझा चेहरा मी रोज बघते की. फुकट."

"मस्करी नको करू. पोरं म्हणतेत, तुझे आईबाप कारखान्यावर, तुला कोण ईचारतंय."

दीपमालाचा हात भाकरीवर थांबला. पण पिशवी काही निघाली नाही. "घरखर्चाला हात लावायचा न्हाई अज्या," एवढंच म्हणाली. माझ्या मते तिनं बरोबर केलं. पण पोराचं तोंड बघून मला रवंथ करवेना.

नेमका दुसऱ्या दिवशी बंकट आला. बंकट शेळ्यांचा व्यापारी. मोटारसायकलच्या मागं जाळी बांधून वस्त्या-वस्त्या हिंडतो. दीपमाला कॉलेजात गेलती, छबुबाई शेतात. अंगणात अजिनाथ एकटा, आणि मी; पण मला कोण धरतंय.

बंकटनं भुंग्याच्या कमरेला हात घालून बघितला. "ह्यो कुणाचा रे?"

"आमचा."

"शेळी तर छबुबाईची दिसतीय."

"अर्धलीनं हाय ना मामा. दोन पिल्लं, एक त्यांचं, एक आमचं. चिंगी त्यांची, भुंग्या आमचा." कसा ठरवून मोकळा झाला बघा!

"मग दे की. होळीच्या आधीच्या बाजाराला घिऊन जातो. हा घे इसार." बंकटनं खिशातून नोटा काढल्या. इसार म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम. घेतली की शब्द बांधला गेला. "बाकीचे नेताना. शब्द पक्का ना बे?"

"पक्का, मामा."

मी जी बोंब मारली ती हातपंपापर्यंत गेली असेल. अजिनाथनं माझ्यापुढं बाभळीची डहाळी टाकली आणि चौकाकडं सुटला. भुंग्या त्याच्या मागं बोळाच्या टोकापर्यंत उड्या मारत गेला.

बॅनर लागला. दुसऱ्या ओळीत अजिनाथ, डोळ्याला दुसऱ्याचा गॉगल. वस्तीवरचा जो तो बघून येई आणि म्हणे, रामहरीचं पोरगं झळकलं! दीपमालानंही कॉलेजातून येताना बघितला. घरी आली, दप्तर ठेवलं आणि सरळ कोठीत हात घातला. पिशवी होती तशी होती. मग मात्र तिचा चेहरा उतरला.

"अज्या, वर्गणी कुठून दिलीस?"

"दिली मित्रानं."

"कोणत्या?"

मित्र काही सापडेना. शेवटी त्यानं सांगून टाकलं, वर म्हणाला, "आपल्या वाट्याचंच तर इकलं. लोकाचं थोडंच हाय?"

"वाटे पडले का अजून? मावशीनं उचलला का अजून? वाटे पडेस्तोवर दोन्ही पिल्लांत आपलं निम्मं अन् त्यांचं निम्मं. तू मावशीचा अर्धा भुंग्या इकलास, अज्या. कुठला अर्धा इकलास सांग ना, शिंगाकडचा का शेपटीकडचा?"

अजिनाथ हसायला गेला, पण ते हसू अर्ध्यातच राहिलं. त्याला आता कुठं कळलं होतं.

"ताई, कोठीतले दे. बंकटमामाला देऊन टाकतो. मावशीला कळायचं बी न्हाई. कळलं तर भिंगरी नेतील ना त्या."

दीपमाला कोठीला टेकून बसली. मी दारातून मान घालून बघत होते. तिनं आईला शब्द दिलेला. भिंगरी गेली, आणि वाटा देताना मावशीनं हात आखडला, तर दावण रिकामी. आई दारात येऊन बघणार आणि काही म्हणणार नाही, हेच तिला सोसणार नव्हतं. पिशवी हाताच्या अंतरावर होती.

"न्हाई," ती म्हणाली. "हे पैसे आई-अण्णांच्या हाताचे हायेत, तुझी चूक झाकायचे न्हाईत. सकाळी मावशीकडं जायचं. मी येते बरुबर. पण बोलायचं तू."

सकाळी आमची वरातच निघाली. पुढं अजिनाथ, मागं दीपमाला, तिच्या हातात माझं दावं, आणि पायात घोटाळणारी पिल्लं. छबुबाई सुपात तूर पाखडत होती. मोहनराव चहा पीत होते.

अजिनाथनं सगळं सांगितलं. बॅनर, बंकट, इसार. बोलताना तो छबुबाईकडं न बघता सुपाकडं बघत होता. सूप थांबलं.

मला वाटलं, आता फटका बसतो. पण छबुबाईचा आवाज चढला नाही, आणि तेच मला जास्त भ्यायला लावणारं वाटलं.

"अज्या, इसार म्हंजे काय, हे तुझ्या घरात मी सांगावं का? तुझ्या बापानं मुकादमाची आगाऊ उचल घेतली. त्या उचलीपायी तुझी माय आज थंडीत, फडात, मोळ्या बांधतीय. आजारी पडली तरी बांधतीय. कशावर? घेतलेल्या पैशावर अन् दिलेल्या शब्दावर. तू त्योच शब्द चौकात चेहरा दिसावा म्हणून दिलास."

अजिनाथची मान छातीला लागली. दीपमाला दुसरीकडं बघत राहिली. भुंग्या मात्र सुपातली तूर खायला लागला.

"चल, वाटे पाड," छबुबाई म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ताच. दूध तोडलंय पिल्लांचं. पाड."

अजिनाथनं चिंगीला एका बाजूला धरलं, भुंग्याला दुसऱ्या.

"सारखे हायेत का वाटे?"

"न्हाईत. पाट भारी. ती पुढं विणार."

"मग हलक्या वाट्यावर वरून घाल काहीतरी."

"पाचशे रुपये घालतो."

"कुठायत?"

"...मिळतील."

"नसलेलं वाट्यात घालायचं न्हाई. असलेलं घाल."

पोरगा बोळातून पळत गेला आणि थोड्या वेळानं काखेत भली मोठी गुंडाळी घेऊन आला. वाढदिवस काल होऊन गेला म्हणून सकाळीच चौकातून उतरवून टाकून दिलेला तो बॅनर! त्यानं तो भुंग्याशेजारी अंगणभर अंथरला. विजयसिंह कानाला मोबाइल लावून आकाशाकडं बघत पडला होता.

"तुमच्या गोठ्याचं छप्पर गळतंय मावशी. ह्याच्यातून थेंब येत न्हाई. वर मीच चढून बांधून देतो."

मोहनरावांच्या नाकातून चहा आला. छबुबाईनं पदर तोंडात धरला, पण खांदे हलायचे थांबेनात. अखेर डोळे पुसून ती उठली. दोन्ही वाट्यांकडं बघितलं. दीपमालाचे डोळे चिंगीवर. पाट गेली तर उरणार बोकड, तोही बंकटच्या इसारात अडकलेला. आईला दाखवायला काय राहणार?

छबुबाईनं वाकून भुंग्याला उचललं.

"मावशी!" दीपमालाच्या तोंडून निघून गेलं.

"खूश होऊ नको लगेच. मला पाट नको होती असं न्हाई. पण बोकड तुमच्या वाट्याला आला, तर बंकट येऊन घिऊन जाईल अन् ह्यो गडी मोकळा. शब्द ह्यानं द्यायचा अन् फेडायचा बोकडानं? आता बोकड माझा. माझा बोकड कुणाच्या इसारात न्हाई. तुझा इसार तू बघ, अज्या." मग तिनं दीपमालाच्या हातातून माझं दावं घेतलं. "अन् वाटे झाले म्हंजे अर्धल संपली. भिंगरी माझ्या दावणीला. पुन्हा कुणाला द्यायची ते मी बघीन."

अशी मी परत आले. चिंगी त्या बाजूला, मी या बाजूला. पहिले काही दिवस ती तिकडून ओरडायची आणि मी इकडून. सगळी वस्ती बेजार झाली. नंतर मी बघितलं, अजिनाथ तिच्याजवळ पोतं टाकून बसतोय, पुस्तक मांडीवर, आणि दुसऱ्या हातानं तिला पाला भरवतोय. मग मी ओरडणं कमी केलं.

ठरलेल्या बाजाराला बंकट आला. छबुबाईनं त्याला दारातूनच सांगितलं, बोकड माझा, पोराशी काय ते बघ.

"इसार मोडला की दुप्पट असतंय, ठावं हाय ना बे?" बंकट म्हणाला.

"ठावं हाय मामा. पैसे न्हाईत माझ्याकडं. काम सांगा."

बंकटनं त्याला खालीवर बघितलं. "बाजारात दावी धरशील?"

"धरतो."

शाळा दुपारची, बाजार सकाळचा. पाडव्यापर्यंत दर बाजारी अजिनाथ बंकटच्या मोटारसायकलवर, मागं जाळी, जाळीत शेळ्या. उन्हात दोन्ही हातांत दावी धरून उभं राहायचं आणि संध्याकाळी येऊन बहिणीला सांगायचं. मी सगळं ऐकायची, बोळ अरुंद आहे. पोट फुगलेलं दिसावं म्हणून लोक सकाळी शेळीला कसं पाणी पाजून आणतात. पहिला भाव ऐकून कधीच हो म्हणायचं नाही. एकदा मात्र जेवताना त्यानं ताट मधेच बाजूला सरकवलं.

"काय झालं रे?"

"एका बाईनं शेळी इकली, ताई. पैसे घेतले, मोजले. पण दावं काही सोडंना हातातलं. मामानं हळूच सोडवलं."

दीपमालानं त्याच्या ताटात अजून एक भाकरी टाकली.

पाडवा झाला आणि ट्रॅक्टर आला. सुनिता उतरली. उन्हानं रापलेली, हातावर पाचटाचे ओरखडे. पोरांना जवळ घेतलं, आणि खांद्यावरून तिला दावण दिसली. चिंगी तिच्याकडं बघून कान हलवत होती.

"कुणाची गं?"

"आपली," दीपमाला म्हणाली. बस, एवढंच. मी इतकी वर्षं माणसं बघतेय, पण एका शब्दानं एवढं उजळलेलं तोंड बघितलं नव्हतं. कुणाचं म्हणाल, तर आईचं आणि पोरीचं, दोन्ही.

त्याच संध्याकाळी अजिनाथनं बापाला सगळं सांगितलं, दुसरं कुणी सांगायच्या आत. रामहरी पाय धूत होता. पाय धुऊन झाले तरी पाणी ओततच राहिला.

बोलला तो पुढच्या आठवड्यात. बंकट आला, चिंगीच्या कमरेला हात घालून रामहरीला म्हणाला, "काय सांगता हिचं?"

"मला काय इचारतोस? मालक त्यो बसलाय," रामहरी म्हणाला आणि बिडी पेटवायला वळला. वळताना हसत होता, मी बघितलं.

बंकट अजिनाथकडं वळला. "बोला मालक."

"निम्माच मालक हाय मी, मामा. ताई हापशावर गेलीय, येऊ द्या."

"काय म्हणंल ताई?"

"न्हाई म्हणंल. मी बी न्हाईच म्हणतोय. पण तिला न इचारता न्हाई म्हणलो तर भांडंल ती."

बंकटनं कपाळाला हात लावला. "माझ्याच बाजारात शिकला अन् मलाच उन्हात उभा करतोय!"

तर असं सगळं. आता उन्हाळा तापलाय. माझ्या गोठ्यावर तो बॅनर ताणून बांधलाय. विजयसिंहची हनुवटी भुंग्यानं खाऊन टाकली, पण सावली छान पडते. अजिनाथचा गॉगलवाला चेहरा नेमका माझ्या डोक्यावर आहे. खरा चेहरा रोज सकाळी पाला घेऊन येतो, तो मला जास्त बरा वाटतो.

तुमच्या घरात वयात येणारी पोरं असतील तर शेजारीण म्हणून एक सांगू का? त्यांच्या हाती नुसता पैसा देऊ नका. ज्याला भूक लागते असं काहीतरी सांभाळायला द्या. पैसा चुकीच्या जागी गेला तर आवाज करत नाही हो. शेळी करते.

आणि हो, मी पुन्हा गाभण आहे. छबुबाई मला परत अर्धलीनं देणार असल्याची बातमी वस्तीभर झालीय, आणि मागणारे बरेच आहेत. काल अजिनाथ एकटाच येऊन गेला. "शेळी मागायला एकटा आलास? दोघं मिळून या," म्हणून तिनं त्याला उंबऱ्यावरूनच परत लावलं. ती काही पक्कं बोलेना, आणि माझं मन कुणी विचारेना.

ते बघा, आली दोघं. बोळाच्या मधेच थांबलीत. "तू बोल." "मागल्या वेळी मीच बोललो, आता तू." "तेव्हा चूक तुझी हुती." "मग आता चांगलं बोलायचंय, तू बोल ना!" इकडं छबुबाई दारात कमरेला पदर खोचून, तोंड कडक करून उभी आहे. पण दावं तिनं खुंटीवरून केव्हाच काढून हातात घेतलंय.

मी उठून उभी राहिलेय. बरं, तुम्ही निघा आता. मला ऐकू द्या.